गाडी नेपाळात गरम होऊन बंद पडली: बुटवलला इंजिन खोलायचे, की टोचन करून सोनौलीची सीमा पार आणायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तुमची परिस्थिती माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझे काही चुकत असेल तर लगेच कळेल. तुम्ही ग्वाल्हेरहून आपल्या पाच वर्षांच्या डिझेल गाडीने मुक्तिनाथला गेलात. परतताना पोखराहून तानसेनमार्गे घाट उतरत असताना गाडी गरम झाली, मागून पांढरा धूर आला आणि ती बंद पडली. क्रेनने कशीबशी बुटवलच्या गॅरेजात पोचवली. तिथला मिस्त्री म्हणतो, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधले सील) गेले, इंजिन खोलावे लागेल, आठ-दहा दिवस धरा. तुमच्या भन्सारच्या चिठ्ठीचे (म्हणजे गाडी नेपाळात ठेवायच्या तिथल्या कस्टमच्या परवान्याचे) चार दिवस उरले आहेत. घरची मंडळी बसने परत निघाली, तुम्ही एकटे तिथे थांबला आहात. आणि विचारता आहात की गाडी तिथेच करून घ्यावी, टोचन करून गोरखपूरला आणावी, की थेट ग्वाल्हेरला.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिंदे की छावनीजवळ माझे गॅरेज आहे, 27 वर्षे झाली. पशुपतिनाथ किंवा मुक्तिनाथला गाडी घेऊन जाणारे गिऱ्हाईक दर वर्षी कोणी ना कोणी असतेच. बंद पडलेली गाडी सीमेवरून आणायला मी स्वतः तीनदा गेलो आहे, दोनदा सोनौलीला आणि एकदा नेपाळगंजसमोरच्या रुपईडीहाला. त्या तीन खेपांवरून एक गोष्ट पक्की कळली. माणसे हिशोब करतात तो कुठे स्वस्त पडेल याचा, आणि अडकतात ती कागदावरच्या तारखेत. परदेशात बंद पडलेल्या गाडीच्या बाबतीत पहिला प्रश्न असा असतो की ती सीमा कशी ओलांडणार: चारही चाके आणि इंजिन जागच्या जागी असलेली पूर्ण गाडी म्हणून, की सुट्या भागांचा ढीग म्हणून? आणि कोणत्या तारखेच्या आत? याचे उत्तर ठरले की दुरुस्ती कुठे करायची ते बरेचसे आपोआप ठरते.

म्हणून सगळ्यात आधी सांगतो: त्या मिस्त्रीला आज इंजिन खोलू देऊ नका. तो वाईट आहे असे मी म्हणत नाही. बुटवलला चांगले कारागीर आहेत, आणि आपल्याच कंपन्यांच्या गाड्या नेपाळात इतक्या चालतात की त्यांचे हात त्यावर बसलेले आहेत. पण खोललेले इंजिन परत बसेपर्यंत गाडी तिथून हलत नाही, आणि तुमच्याकडे चारच दिवस आहेत.

हे मी का सांगतो आहे ते ऐका. काही वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची गाडी नेपाळगंजच्या पुढे अशीच गरम होऊन थांबली. गॅरेजवाल्याने दोन दिवसांत देतो म्हणून हेड उतरवले. ते फेसिंगला (पृष्ठभाग घासून सपाट करायला) दुसऱ्या गावी पाठवले, लेथवाल्याकडे वीज नव्हती, मग सण आला, मग गॅस्केट चुकीचे आले. चिठ्ठीची मुदत संपली, दंड बसला. शेवटी मी रुपईडीहाला पोचलो तेव्हा गाडी एका फ्लॅटबेडवर (गाडी लादून नेणाऱ्या सपाट ट्रकवर), हेड पोत्यात गुंडाळून डिकीत, आणि इंजेक्टर एका खोक्यात. दोन्ही बाजूच्या प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न: हे सुटे सामान कुठले, बिल कुठे? गाडीचेच भाग आहेत हे पटवण्यात पूर्ण दिवस गेला. माणसे बिचारी वाईट वागली नाहीत. त्यांच्यासमोरच्या कागदात एक मोटार लिहिलेली होती, आणि समोर आलेले दृश्य त्या कागदाशी जुळत नव्हते.

आता मुळात हेड गॅस्केट गेले आहे का, हे बघू. तुम्ही लिहिले आहे की काटा तानसेनच्या उतारावर वर गेला. मला हे खटकले. उतारावर इंजिनावर भार नसतो, गाडी गरम व्हायची तर ती चढावर होते. याचा अर्थ बहुधा असा की पाणी आधीच कमी झाले होते. मुक्तिनाथ 3,700 मीटरच्या वर आहे, बेनीपासून वरचा रस्ता दगडांचा आणि खडबडीत. तिथे एखादा होज सैल झाला असेल, रेडिएटरला दगड लागला असेल, थेंबथेंब गळत राहिले असेल. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पाणी फार कमी झाले की टेम्परेचरचा सेन्सर पाण्यात न राहता वाफेत राहतो आणि काटा खोटा बोलतो. इंजिन तापलेले असूनही बरा आकडा दाखवतो. काटा वर जाईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

तेव्हा दोन शक्यता आहेत. एक, फक्त पाणी गेले: होज, थर्मोस्टॅट, फॅन, वॉटर पंप किंवा रेडिएटरची कॅप. दोन, पाणी गेल्यामुळे इंजिन तापून गॅस्केटही गेले किंवा हेड वाकले. पहिल्यात गाडी बुटवललाच एका दिवसात होईल आणि तुम्ही स्वतः चालवत याल. दुसऱ्यात तिला चालवायचे नाही. यातला फरक इंजिन न खोलता कळतो, आणि तेवढे मिस्त्रीकडून करून घ्यायला तुमच्या हातात वेळ आहे.

गाडी रात्रभर थंड झाल्यावर सकाळी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा. ऑइल चहासारखे दुधाळ झाले असेल तर पाणी ऑइलमध्ये गेले आहे. मग पुढचे काही करायचे नाही, स्टार्टर मारायचाच नाही. ऑइल स्वच्छ असेल तरी घाईने चावी फिरवू नका. रात्रीतून पाणी सिलिंडरमध्ये झिरपलेले असू शकते, आणि पाणी दाबले जात नाही. स्टार्टरच्या एका झटक्यात कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅस्केटचे काम तिथून पूर्ण इंजिनाचे होते. म्हणून आधी हीटर प्लग काढून, क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायला सांगा. पाणी असेल तर भोकातून बाहेर येईल. कोरडे निघाले तर प्लग बसवून, पाणी पूर्ण भरून, कॅप उघडी ठेवून चालू करा. पहिल्या मिनिटातच सलग बुडबुडे येत राहिले, किंवा कॅप लावल्यावर इंजिन अजून गार असताना वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर गॅस्केट गेले समजा. बुडबुडे नाहीत, होज मऊ आहे, धूर थांबला आहे, तर दहा मिनिटे चालू ठेवून गळती शोधा आणि फॅन लागतो का बघा. एवढ्या तपासणीला अर्धा दिवस पुरतो.

पहिली शक्यता निघाली तर पुढचे वाचायची फारशी गरज नाही. होज बदला, पाणी भरा, बिल घ्या, आणि सकाळच्या थंड वेळी निघून या. बुटवल ते सोनौली पंचवीस-तीस किलोमीटर, तराईचा सपाट रस्ता. गोरखपूर तिथून आणखी शंभरेक किलोमीटर. तिथे पुन्हा एकदा तपासून मगच पुढे या.

दुसरी निघाली तर माझे मत स्पष्ट आहे: इंजिन न खोलता गाडी फ्लॅटबेडवर घालून सीमेपर्यंत आणा आणि काम गोरखपूरला करा. ग्वाल्हेरपर्यंत आणू नका. मी स्वतः ग्वाल्हेरचा गॅरेजवाला असून हे सांगतो आहे. सोनौली ते ग्वाल्हेर सुमारे 700 किलोमीटर आहे, लखनौ-कानपूरमार्गे. इतक्या लांबच्या फ्लॅटबेडच्या भाड्यात हेडच्या कामाचा मोठा हिस्सा निघतो. तुमच्या कंपनीचे अधिकृत वर्कशॉप गोरखपूरला असेलच, सामान मिळेल, आणि गाडीला वाढीव वॉरंटी असेल तर ती लागू होते का हे तिथेच विचारता येईल. नेपाळातले वितरक वेगळे असतात. भारतातली वॉरंटी ते मानतीलच असे धरून चालू नका. ग्वाल्हेरला आणण्यात अर्थ आहे तो फक्त एका परिस्थितीत: इंजिन जाम झाले असेल आणि काम महिनाभराचे असेल तर.

गॅस्केटच्या कामात सामानाची गोष्ट का महत्त्वाची, तेही सांगतो. पुष्कळ डिझेल इंजिनांना गॅस्केट एकाच जाडीचे येत नाही. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून, कडेच्या खाचा किंवा भोके बघून, त्या जाडीचे निवडावे लागते. हेडचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत एकदाच ताणायचे असतात, नवेच घालावे लागतात. हेड पट्टी आणि फीलर गेज लावून सरळ आहे का बघायचे, तडा आहे का ते प्रेशर लावून बघायचे. हे सगळे सुटे-सुटे सामान एका दमात मिळाले तर काम तीन-चार दिवसांचे. एखादी वस्तू अडली की आठ-दहा दिवस सहज जातात. गोरखपूरहून सामान विकत घेऊन बुटवलला न्यावे असे कोणी सुचवले तर लक्षात ठेवा, त्या सामानावर नेपाळात भन्सार लागू शकते. बिल जवळ हवेच.

आणि कोणी सांगितले की हेड-बेड करत बसू नका, बुटवलला जुने इंजिन मिळते, दोन दिवसांत बसवून देतो, तर हात जोडून नको म्हणा. तुमच्या आरसीवर इंजिन नंबर आहे, चेसिस नंबर आहे. दुसऱ्या नंबरचे इंजिन घेऊन परत आलात तर गाडी तुमची आहे हे सिद्ध करणे तुमच्यावर येते, आणि पुढे आरटीओ आणि विमा दोन्हीकडे वर्षानुवर्षे निस्तरत बसाल.

आता चिठ्ठीबद्दल. यात परिस्थितीवर खूप अवलंबून असते, म्हणून जेवढे पक्के आहे तेवढेच सांगतो. भारतीय नंबरची खाजगी गाडी नेपाळात दिवसाच्या हिशोबाने भन्सार भरून राहते, आणि वर्षभरात एकूण 30 दिवसच राहू शकते. गाडी बंद पडली म्हणून दिवस मोजणे थांबत नाही. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधी भन्सार कार्यालयात जाऊन, उरलेल्या 30 दिवसांच्या हद्दीत, पुढच्या दिवसांचे पैसे भरावे लागतात. तुमच्यासाठी भैरहवाचे कार्यालय जवळ आहे. उद्याच जा. चौथ्या दिवसाची वाट पाहू नका. जाताना गॅरेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, गाडी कोणत्या तारखेपासून बंद आहे ते लिहून घ्या. त्यात गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चेसिस नंबर तिन्ही हवेत. दोन दिवस जास्तीचे घेऊन ठेवा. ते वाया गेले तरी दंडापेक्षा फार स्वस्त.

इथे एक फसवी गोष्ट आहे. चिठ्ठीवरची तारीख बिक्रम संवताची असू शकते. आपल्या ओळखीचा विक्रम संवत तिथींवर चालतो. नेपाळचा संक्रांतीवर चालतो, तिथला महिना इंग्रजी महिन्याच्या मध्याला सुरू होतो. माझ्या एका गिऱ्हाइकाने 12 तारीख वाचली आणि इंग्रजी महिन्याची 12 समजून निवांत राहिला. तुम्ही चार दिवस म्हणता ते कसे मोजले आहेत, ते कार्यालयातल्या माणसाकडूनच इंग्रजी तारखेत बदलून घ्या. शिवाय शनिवारी तिथली बाजारपेठ बहुतेक बंद असते, रविवारी उघडी. आपल्या सवयीने रविवार मोकळा धरून शनिवारचे काम ठरवले की एक दिवस गेला.

सीमा ओलांडायच्या वेळी सगळ्यांचा गोंधळ होतो तो टो ट्रकचा. तुम्हाला वाटते आहे की बुटवलचा फ्लॅटबेड थेट गोरखपूरला येईल. तो नेपाळी नंबरचा, व्यावसायिक वाहन. त्याला भारतात शंभर किलोमीटर आत यायला स्वतःची परवानगी लागते. उलट गोरखपूरचा फ्लॅटबेड बुटवलला बोलावला तर त्याचे स्वतःचे भन्सार आणि कागद. बंद गाडीची एक अडचण असताना आपण दुसऱ्या गाडीची अडचण कशाला विकत घ्यायची? म्हणून मी नेहमी दोन तुकड्यांत करतो. नेपाळी फ्लॅटबेड सोनौलीसमोरच्या नेपाळच्या बेलहिया ठाण्यापर्यंत, भारतीय फ्लॅटबेड सोनौलीपासून. मधले जे काही शे मीटर, दोन्ही दरवाज्यांमधले आणि दसगजाच्या (दोन देशांमधल्या मोकळ्या) पट्टीतले, ते गाडीने आपल्या चाकांवर जायचे.

कसे जायचे? सिलिंडरमध्ये पाणी नसेल, ऑइल स्वच्छ असेल आणि गॅस्केटची गळती बारीक असेल, तर थंड इंजिन पाणी भरून दहा मिनिटे चालू शकते. बेलहियाला उतरवा, भन्सारला चिठ्ठी दाखवून नोंद बंद करून घ्या, इंजिन तोवर थंडच ठेवा, मग चालू करून हळू पार या आणि लगेच बंद करा. मी एक गाडी अशीच आणली. इंजिन अजिबात चालू करायचे नसेल तर ढकलत किंवा थोड्या अंतराचे टोचन लावून आणता येते, फक्त दोन्हीकडच्या माणसांना आधी जाऊन सांगा. न सांगता रांगेत बंद गाडी ढकलत आणली की सगळ्यांचा पारा चढतो. आधी विचारले तर तेच लोक बाजूने वाट करून देतात, हा माझा तिन्ही वेळचा अनुभव आहे. सीमेवर गर्दी किती, त्या दिवशी कोण ड्युटीवर, पाऊस किती, यावर बरेच असते. सकाळी लवकर जा. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटे पुढे आहे, तेही धरा.

तुम्ही जातीने हजर राहणे मात्र सोडू नका. टो वाल्याच्या हाती चावी देऊन स्वतः बसने पुढे निघून गेलेला एक माणूस मला माहीत आहे. गाडी दोन दिवस बेलहियाला उभी राहिली. मूळ आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी, भन्सारची चिठ्ठी, नेपाळची वाहतूक परवानगी, गॅरेजचे पत्र आणि बिले हातात हवीत. आरसी घरच्या दुसऱ्या कोणाच्या नावावर असेल तर अधिकारपत्रही. भारतीय बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान डिकी उघडायला सांगतील, त्यात काही वावगे नाही. नेपाळात जे काही नवे बसवले असेल त्याचे बिल दाखवा.

टोचनबद्दल दोन शब्द, कारण बुटवलला तुम्हाला कोणी ना कोणी दोरी बांधून पंधराशेत नेतो म्हणेल. तुमची गाडी मॅन्युअल आणि पुढच्या चाकांची आहे, न्यूट्रलमध्ये चारही चाकांवर ओढली तर गिअरबॉक्सला लगेच काही होणार नाही. (ऑटोमॅटिक असती तर पुढची चाके जमिनीला टेकू द्यायची नाहीत असे सांगितले असते.) पण इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा व्हॅक्युम नाही. दोन-तीनदा पेडल दाबले की ते लाकडासारखे कडक होते. स्टिअरिंगही जड. तराईचा रस्ता सपाट असला तरी ट्रक, ई-रिक्षा, सायकली आहेत. आपल्याकडच्या 1989 च्या रस्ता नियमांतही ओढणाऱ्या आणि ओढलेल्या गाडीत 5 मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस हवा आणि वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत हवा, असे होते. 5 मीटरवर, ब्रेक नसताना, अनोळखी रस्त्यावर. सीमेच्या त्या काहीशे मीटरपुरते ठीक, तीस किलोमीटरसाठी फ्लॅटबेडच घ्या. चावी एसीसीवर ठेवायला विसरू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होते.

आणि भाव ठरवताना आधी विचारा, आयसी (भारतीय रुपये) की एनसी (नेपाळी रुपये). भारतीय 1 रुपया म्हणजे नेपाळी 1.60. तोंडी आठ हजार ठरले आणि देताना कुठले आठ हजार यावरून भांडण झालेले मी बघितले आहे. नेपाळी 8,000 म्हणजे आपले 5,000. कागदावर लिहून घ्या.

विम्याचा प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत विचारला आहे. त्यावर फार आशा ठेवू नका, पण तपासा. नेहमीची पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश वगैरे देशांसाठी भौगोलिक क्षेत्र वाढवायची नोंद वेगळी घ्यावी लागते, पॉलिसीवर ती आयएमटी 1 म्हणून दिसते. जुन्या मोटार टॅरिफमध्ये पूर्ण पॉलिसीला तिचे 500 रुपये होते, म्हणजे रक्कम किरकोळ, आणि तरी दहातले नऊ जण घेत नाहीत. नोंद असली तरी नुसती यांत्रिक बिघाडाची दुरुस्ती साध्या पॉलिसीत बसत नाही, अपघात लागतो. रेडिएटरला दगड लागून भोक पडले असेल तर तो मुद्दा मांडता येईल, म्हणून त्या जागेचे फोटो आजच काढा आणि विमा कंपनीला आजच कळवा. मात्र दगड लागल्यावर गाडी चालवत राहून जे पुढचे नुकसान झाले ते पॉलिसीच्या अटीप्रमाणे मालकावर असते. अपघातात गाडी जवळच्या गॅरेजात हलवायचा खर्च पॉलिसी देते, पण खाजगी मोटारीला त्याची मर्यादा 1,500 रुपयांची, त्यात तुमचे सीमेपर्यंतचे भाडेही निघायचे नाही. रोडसाइड असिस्टन्सचा नंबर फिरवून बघा, पण बहुतेकांची सेवा भारतातच असते. सोनौलीपासून पुढच्या फ्लॅटबेडला ती उपयोगी पडेल, हे एक चांगले. म्हणजे त्यांना सोनौलीला कोणत्या दिवशी, किती वाजता उभे राहायचे ते आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

एक पर्याय राहिला, तोही प्रामाणिकपणे सांगतो. तपासणीत ऑइल दुधाळ निघाले, सिलिंडरमध्ये पाणी सापडले आणि भन्सारवर मुदत सहज वाढवून मिळाली, तुमच्याकडे पंधरा दिवस मोकळे आहेत आणि त्या मिस्त्रीवर विश्वास बसला, तर बुटवललाच काम करणे चुकीचे नाही. फक्त मग अर्धवट काही आणायचे नाही. काम तिथे सुरू केले तर तिथेच पूर्ण करून, पन्नास किलोमीटर चालवून बघून, मगच निघायचे. उतरवलेले जुने भाग तुमच्यासमोर मोजून घ्या. हेड फेसिंगला कुठे जाते ते विचारा, शक्य असेल तर सोबत जा. तुमच्या लिहिण्यावरून मात्र घरी परतायची घाई दिसते, नोकरीची रजा संपत आली आहे, म्हणून मी गोरखपूरकडे झुकलो.

थोडक्यात क्रम असा धरा: उद्या सकाळी थंड इंजिनावर तपासणी, दुपारी भैरहवाला जाऊन मुदत वाढवणे, संध्याकाळी दोन्ही बाजूंचे फ्लॅटबेड ठरवणे, परवा पहाटे निघणे. परवा शनिवार येत असेल तर सगळे एक दिवस अलीकडे ओढायचा प्रयत्न करा.

तपासणी झाली की डिपस्टिकचा आणि रेडिएटरच्या पुढच्या बाजूचा फोटो इथे टाका. बुडबुडे किती वेळाने सुरू झाले तेही लिहा, शक्य तर घड्याळ लावून. रेडिएटरची कॅप मात्र इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय उघडू नका, जाड फडके धरूनसुद्धा नाही. मी दुपारी तीननंतर गॅरेजात मोकळा असतो, बघून लगेच सांगतो.